मामाची निळी रेघ

मामानं सख्ख्या बहिणीच्या घरी चोरी केली, ही बातमी नातेवाइकांत इतकी फिरली की फिरून फिरून शेवटी मामाकडेच आली. "ऐकलंस का? तुझ्या ताईकडे चोरी झाली म्हणे. घरातलाच माणूस होता, बोल!" लांबच्या कुण्या आत्यांचा फोन होता. मामा म्हणाला, "हो का? अरेरे! काय एकेक लोक असतात!" आणि फोन ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत बसला.

बातमी प्रत्येक घरात नवे कपडे घालून निघत होती. एका घरी मामानं ड्रिल मशीन पळवली होती. दुसऱ्या घरी त्यानं हत्यारांची अख्खी फळीच खांद्यावर टाकून जिन्यानं खाली नेली होती. ज्या काकूंना मामा मुळातच आवडत नाही, त्यांच्या घरी तर पोलीससुद्धा येऊन गेले होते.

खरं सांगायचं तर पोलीस आले नव्हते आणि फळी भिंतीवरच आहे. वस्तू एकच होती, लेव्हल-पट्टी. ॲल्युमिनिअमची ती लांब पट्टी, जिच्या मधल्या काचेच्या नळीत बुडबुडा असतो आणि तो बरोबर मध्यावर आला की शेल्फ सरळ लागलं म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा. ती मामाच्या पँटच्या पायात सापडली, हेही खरं. पण ती घेऊन तो कुठे जाणार नव्हता. मामाच्या स्वतःच्या घरात सरळ असं काही नाही आणि त्याला त्याचं दुःखही नाही. त्याला फक्त एकदा डोळे भरून बघायचं होतं, की ती पट्टी जागेवर नसली की तिची रेघ कशी दिसते.

आता ही रेघ काय भानगड आहे ते कळल्याशिवाय मामा कळायचा नाही.

ताई, म्हणजे मामाची मोठी बहीण, हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. दिवसभर लोकांचे हातपाय सरळ धरायचे आणि घरी आलं की घराचे. नळ गळला, कपाटाचं दार लोंबलं, खुर्ची लंगडली, तर बाहेरच्या माणसाला बोलवायचं हे तिला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटतं. मागच्या बाल्कनीत तिनं भिंतीवर प्लायवूडची मोठी फळी ठोकली आहे. तीवर हुकांना सगळी हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येकाभोवती निळ्या ऑइलपेंटची बारीक रेघ, हुबेहूब त्याच्याच आकाराची. हातोडी काढली की मागे निळी हातोडी उरते. पक्कड काढली की निळी पक्कड. काम संपलं की जो तो आपापल्या घरी. मुठी तडकल्या की ताई त्यांच्यावर दवाखान्यातल्या मुदत संपलेल्या पट्टीचं प्लास्टर घालते, त्यामुळे निम्मी हत्यारं आत्ताच अपघातातून वाचल्यासारखी दिसतात.

पण रेघ अशी सहजासहजी मिळत नाही. नवीन वस्तू आली की ताई ती आधी वापरते. न बघता हात आपोआप त्या वस्तूकडे जायला लागला, की मगच ब्रश आणि निळा डबा बाहेर येतो. तोवर वस्तू पाहुणी.

मामानं दिलेल्या वस्तू कायमच्या पाहुण्या होत्या.

त्याचा दोष असा नव्हता की तो कंजूष होता. उलट ताईच्या प्रत्येक वाढदिवसाला मामा हत्यारांच्या दुकानात जायचा आणि सगळ्यात मोठा खोका कुठला ते विचारायचा. एकदा त्यानं झाकण उघडलं की आत दागिने मांडल्यासारखी चकचकीत हत्यारं दिसणारी पेटी दिली. एकदा पिस्तुलासारखा दिसणारा, विजेवर चालणारा स्क्रू-ड्रायव्हर दिला, ज्याच्या नाकावर दिवा होता. मग एक हातोडी, जिच्या पोटातून करवत निघायची, करवतीच्या मागून चाकू, आणि चाकू काढायला गेलं की बाटली उघडायचा आकडा. ताई प्रत्येक वेळी म्हणायची, "छान आहे. ठेव." आणि वस्तू पलंगाखाली जायची. बाल्कनीत विजेचा पॉइंट नाही, हे मामाच्या लक्षात यायला फार वेळ लागला. लक्षात आल्यावर तो म्हणाला, "मी काही बोलत नाहीये हं, पण पॉइंट नसणं ही काय माझी चूक आहे?"

'मी काही बोलत नाहीये हं, पण' हे मामाचं आवडतं वाक्य. तो हे म्हणाला की ऐकणाऱ्यानं खुर्ची ओढून घ्यावी. मामाची भाची, म्हणजे ताईची धाकटी लेक, जी घरात सगळ्यांच्या नकला करते, ती हे वाक्य इतकं बेमालूम म्हणते की एकदा मामीनं स्वयंपाकघरातून "अहो, पुरे!" असं तिलाच ओरडून सांगितलं होतं.

तर अशी सगळी शांतता असताना ताईच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं आणि घरात जावई आला. जावई आवाज न करता बोलतो. भाचीला त्याची नक्कल करायची तर आधी पंखा बंद करावा लागतो. "असं काही नाही… सहज…" एवढंच त्याचं. कुणी म्हटलं, छान शर्ट आहे, की "असं काही नाही, सहज घेतला." पाऊल ठेवतो तेही सहज. हा जावई पहिल्यांदा राहायला आला तेव्हा ताई शेल्फ लावत होती, आणि सरळ आहे का ते बघायला शेल्फवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवत होती. जावई बघत होता. पुढच्या खेपेला येताना त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली लेव्हल-पट्टी आणली. खोका नाही, रिबन नाही. "असं काही नाही आई, सहज दिसली."

आणि ताईनं त्याच संध्याकाळी निळा डबा उघडला.

मामाला हे मामीनं सांगितलं, आणि सांगताना तिला जरा मजाच वाटत होती. मामा जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला.

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"वापरून न बघता?"

"वापरली की. शेल्फ लागलं म्हणे, एकदम सरळ."

"माझी पेटी उघडली तरी होती का तिनं?"

"अहो, कसला वास येतोय? काहीतरी जळतंय का?" मामीनं नाक वर करून गॅसकडे बघितलं, मग मामाकडे. गॅस बंद होता.

त्या दिवसापासून मामा ताईकडे गेला की आधी बाल्कनीत. लहानपणी ताईच्या दप्तरात आपली पेन्सिल सापडली की सगळ्या वर्गाला अभिमानानं सांगत फिरणारा हा माणूस. आज त्या फळीवर जग होतं आणि मामा नव्हता. साधी कानस होती. शेजाऱ्यानं विसरलेला, नंतर त्यानंच 'राहू द्या' म्हटलेला पाना होता. त्यालासुद्धा रेघ. आणि मधोमध ती पट्टी, लांबलचक, सरळ, जावयासारखीच कुणालाही न दुखावणारी.

तर त्या रविवारी मामानं ती पट्टी हुकावरून काढली आणि दोन पावलं मागे जाऊन नुसती रिकामी रेघ बघितली. भारी बरं वाटलं. जीव थंड झाला. तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, चहा झालाय." जावई! पट्टी परत लावायला वेळ नव्हता. मामानं ती कमरेच्या पट्ट्यातून आत सोडली, थेट गुडघ्याच्या खाली, आणि झेंड्याच्या काठीसारखा चालत बाहेरच्या खोलीत आला.

"बस ना रे," ताई म्हणाली.

"नको. उभाच बरा. दुकानात बसून बसून कंटाळा येतो."

"बुटांच्या दुकानात तू बसतोस कधी?"

"तेच ना! बसायची सवयच नाही."

जावई पटकन उठला. "मामा, इथे बसा. ही खुर्ची जरा उंच आहे."

"मी काही बोलत नाहीये हं, पण या घरात माणसाला सुखानं उभंही राहू देत नाहीत!"

ताईनं कप खाली ठेवला. तिची नजर मामाच्या चेहऱ्यावरून उतरत उतरत उजव्या पायावर येऊन थांबली.

"गुडघा वाकत नाहीये तुझा."

"आखडलाय जरा."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"आत्ता जिने चढून आलास की. इकडे ये."

हे 'इकडे ये' ताईच्या दवाखान्यातलं होतं. तिथे हे ऐकून मोठमोठे पुरुष रडायचे थांबतात. मामा गेला. ताईनं त्याच्या मांडीवरून हात फिरवत खाली आणला, गुडघ्यापाशी थांबली, आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. टण्ण.

"हे हाड ॲल्युमिनिअमचं कधी झालं?"

मामी फक्त "अहो!" म्हणाली. त्या 'अहो'मध्ये लग्नापासूनचं सगळं होतं. भाचीनं उशीत तोंड खुपसलं.

आणि मग जावई, देव त्याचं भलं करो, मामाच्या मदतीला धावला. "असं काही नाही आई, मामांना सहज बघायची असेल." मग मामाकडे वळून, मनापासून, अगदी हळू आवाजात, "मामा, तुम्हाला आवडली असेल तर मी तुमच्यासाठी एक आणून देतो ना."

कुणी थोबाडीत मारली असती तरी मामाला एवढं लागलं नसतं. त्यानं पट्टी ओढून बाहेर काढली. बुडबुडा पार एका टोकाला जाऊन बसला होता. ताईनं बुडबुड्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं.

"तुला पट्टी नको होती. काय हवं होतं तुला?"

एवढ्या वयाचा माणूस, दुकानातली पोरं ज्याला 'साहेब' म्हणतात, तो चार माणसांत कसं सांगणार की मला एक रेघ हवी आहे? मामा दारापाशी गेला आणि मान खाली घालून बूट घालू लागला.

मान खाली असल्यामुळेच त्याला ताईच्या चपला दिसल्या.

दुकानात मामाची एक रीत आहे. गिऱ्हाइकाला बूट दाखवायच्या आधी तो त्याचे जुने बूट मागून घेतो आणि उलटे करून तळ बघतो. "बाई, तुम्ही डाव्या पायावर नाराज दिसता." "साहेब, तुम्ही चालत नाही, घासत जाता." गिऱ्हाईक चाट पडतं. त्याच सवयीनं मामानं ताईची घरात घालायची चप्पल उचलली आणि उलटी केली. टाच कोरी करकरीत होती, कालच दुकानातून आणल्यासारखी. पण पुढचं टोक, अंगठ्याखालचं, पार झिजून आरपार व्हायला आलेलं. दुसरीचंही तेच. टाच जमिनीला लागतच नाही आणि बोटं सतत मुडपलेली. म्हणजे ही बाई घरात असते तेव्हा निम्मा वेळ गुडघ्यावर असते. बेसिनखाली, कपाटाखाली, उघड्या फरशीवर. मामाला आठवलं, ताई हल्ली उठताना भिंतीचा आधार घेते आणि कुणी बघितलं की भिंत पुसल्यासारखं करते.

ताईला काय द्यायचं हे सुचल्यावर मामाला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा: या चपला जावयानं बघितल्या तर? त्यानं इकडेतिकडे बघून त्या जोड्यांच्या ढिगाऱ्यात, सगळ्यात खाली, जावयाच्याच बुटांखाली दडपल्या आणि लगबगीनं घरी गेला.

दुकानात बुटांच्या तळांसाठी जाड फोम-रबरचे तक्ते येतात. उरलेल्या तुकड्यांतून मामानं ताईसाठी गुडघे टेकायची गादी करायला घेतली. आता बूट बसवणं वेगळं आणि बूट करणं वेगळं. मामाच्या हातात कात्री आली की तिला स्वतःची मतं फुटतात. एक बाजू गोल आली, दुसरीला पोट सुटलं, ते कापायला गेला तर कोपरा गेला. दोन थर चिकटवताना गोंदात त्याची बोटंच एकमेकांना चिकटली आणि त्यानं दिवसभर गिऱ्हाइकांना तसेच बूट दाखवले. शेवटी जे तयार झालं ते लाटता लाटता हातातून निसटल्यासारखं दिसत होतं. पण गुडघे टेकून बघितलं तर मामाच्या तोंडून आपोआप "आहाहा" निघालं.

भाची दुकानात आली होती. तिनं गादी उलटसुलट बघितली.

"मामा, खोका कुठाय?"

"खोका नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून देणार. सहज."

"आणि मग रोज फोन करणार! 'मी काही बोलत नाहीये हं ताई, पण वापरलीस का गं? कशी आहे? पट्टीपेक्षा कशी आहे?'" आवाज असा जमला की आतल्या पोरानं "आलो साहेब" म्हणून ओ दिली.

"अजिबात विचारणार नाही."

"लाव पैज."

पैज अशी ठरली. ताई स्वतःहून विषय काढेपर्यंत मामानं गादीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काढला, तर भाची भर गर्दीच्या दिवशी याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मामाची पूर्ण नक्कल करणार, चालण्यासकट. नाही काढला, तर महिनाभर भाचीनं मामाची नक्कल तोंडातून काढायची नाही. भाचीनं घरी जाऊन सरावही सुरू केला. हरण्याचा प्रश्नच नव्हता.

वाढदिवसाला मामानं पुडकं दिलं. ताईनं उघडलं, दाबून बघितलं. "हं," म्हणाली. "छान आहे, ठेव" नाही म्हणाली, फक्त "हं". मामानं जीभ दातांखाली घट्ट धरली.

पुढच्या रविवारी फळीवर नवी रेघ नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. मामा वरून खाली, डावीकडून उजवीकडे, दाराच्या मागेसुद्धा बघून आला. भाची मागे उभी राहून नखं बघत होती.

मग जावयानं लोहचुंबकाची एक बशी आणली. काढलेले स्क्रू तीत टाकले की घरंगळत नाहीत. ताईनं ती फळीला लावली आणि लगेच भोवती रेघ. गोल. सुबक.

"मामा, जावईबापूंची दुसरी रेघ बघितलीस? काय गोल आलीय ना!" भाची म्हणाली.

मामानं तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्यायला. घरी जाताना मामीनं त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप आलाय का हो?" त्याला रात्री स्वप्नं पडू लागली म्हणे, निळ्या वर्तुळांची, आणि प्रत्येकातून जावई हळूच म्हणायचा, असं काही नाही.

त्यातून जावयानं एकदा कहर केला. "मामा, ती गुडघ्यांची गादी तुम्ही दिलीत ना? फार छान आहे. कुठून आणलीत?" भाची पुढे सरकली. मामानं ओठ आत ओढले, मान हलवली, पुन्हा हलवली आणि खिडकीतून बाहेर बघू लागला. जावयाला वाटलं, आपलं काही चुकलं. त्यानं माफी मागितली. त्यानं तर मामा आणखीनच जळला.

शेवटी एका रविवारी त्याचा बांध फुटायची वेळ आली. तो बाल्कनीत फळीपुढे उभा होता. पट्टीची रेघ, बशीची रेघ, शेजाऱ्याच्या विसरभोळेपणाची रेघ. आत ताई बेसिनचा नळ बदलायच्या तयारीत होती. ती पाना घ्यायला बाल्कनीत आली. मागोमाग जावई, त्याच्या मागे भाची.

मामा वळला. छाती भरून श्वास घेतला.

"मी काही बोलत नाहीये हं, पण…"

भाचीचे डोळे चमकले. मामाची नजर तिच्यावर गेली आणि तो तिथेच थांबला, तोंड उघडं, पुढचं वाक्य टाळूला चिकटलेलं.

"पाय काढ," ताई म्हणाली.

"काय?"

"रेघेवर उभा आहेस. आणि गादी सरकवलीस. तुझं नेहमीचंच, दर रविवारी येतोस, वर बघत उभा राहतोस आणि माझी गादी पायानं ढकलून जातोस. मला पुन्हा जागेवर लावावी लागते."

मामानं खाली बघितलं. तो गादीवरच उभा होता. तिचा कोपरा सरकला होता आणि त्याखालून, फरशीवर, निळी रेघ डोकावत होती. मामा खाली बसला, गुडघा व्यवस्थित वाकवून, आणि गादी बाजूला केली. पोट सुटलेली बाजू, गेलेला कोपरा, सगळं जसंच्या तसं निळ्या रंगात. रंग जुना झाला होता, वरून कित्येकदा पुसलेला.

"ही कधी काढलीस?"

"दिलीस त्याच आठवड्यात."

"मग भिंतीवर का नाही…"

"गुडघे भिंतीवर टेकतात का रे?"

मामानं बोटानं रेघ एकदा सगळीकडून फिरून बघितली. मग उठून पट्टीपाशी गेला, वितीनं तिची रेघ मोजली, परत येऊन आपली मोजली.

"माझी मोठी आहे," तो जावयाला म्हणाला.

"असं काही नाही…" जावई सवयीनं म्हणाला, मग घाईनं, "नाही, म्हणजे, आहे. बरीच मोठी आहे."

"पण तुमच्या दोन आहेत," मामा म्हणाला, आणि चेहरा पुन्हा किंचित आंबट झाला. "बघू. पुढच्या वर्षी बघू."

भाचीनं मात्र तिथल्या तिथे भांडण काढलं. पैज मामा हरला! तो बोलला! "मी काही बोलत नाहीये हं, पण" हे सगळ्यांनी ऐकलंय!

"म्हणजे मी काय म्हणालो?" मामानं शांतपणे विचारलं. इतका शांत तो आयुष्यात कधी नव्हता. "मी म्हणालो, मी काही बोलत नाहीये. आणि बोललो का पुढे काही?"

निकाल ताईकडे गेला. तिनं गादी उचलली, काखेत मारली आणि बेसिनकडे जाता जाता दवाखान्यातल्या आवाजात सांगितलं, "तो जिंकला. तू गप्प."

म्हणून महिनाभर मामाची नक्कल तोंडातून काढायची नाही. लिहून काढायची नाही, असं मात्र पैज लावताना कुणीच म्हटलं नव्हतं.